तिसरा नट

आमच्याकडे बाया नवऱ्याला मालक म्हणतात. मीही तेच म्हणते. मालकांचं गॅरेज घोडेगावच्या बाहेर, भीमाशंकरच्या रस्त्याला लागून होतं. पत्र्याची शेड, पुढे शटर, आणि मधोमध गाडीखाली उभं राहून काम करता यावं म्हणून खणलेला खड्डा. शेडच्या मागच्या भिंतीत एक दार होतं, ते थेट आमच्या स्वयंपाकघरात उघडायचं. डिंगोऱ्याहून लग्न होऊन आले, त्यानंतरची पहिली दोन वर्षं त्या दारातून मी फक्त चहाचे कप आत-बाहेर केले.

मग एका दुपारी जॅक सरकला आणि टेम्पोचं चाक मालकांच्या उजव्या हातावर आलं. पुण्याला दवाखान्यात दोन ऑपरेशनं झाली. हात वाचला, पण बोटं पुरती मिटेनात. पाण्याचा पेला धरता यायचा, जेवता यायचं, सही करता यायची. पाना मात्र आवळता यायचा नाही. दारावरून नुसती गाडी गेली तरी तिचा कुठला नट ढिला आहे ते सांगायची ज्या माणसाची ख्याती होती, त्याला आता स्वतःच्या सदऱ्याचं वरचं बटण लागत नव्हतं. ते बटण मी लावायची. तेव्हा ते माझ्याकडे बघायचे नाहीत, दाराच्या चौकटीकडे बघायचे.

माझ्या वडिलांच्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं. वडिलांना मुलगा नव्हता, मी थोरली. इंजिन बंद पडलं की दिवा धरायला, पाने द्यायला मीच असायची. दहावी होईपर्यंत मी त्या इंजिनचं हेड एकटीने उतरवलं होतं. सासरी हे कुणाला सांगायचं काही कारणच आलं नव्हतं.

दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्या महिन्यात मालक एका गाडीचा सायलेन्सर डाव्या हाताने बसवू बघत होते. मी खड्ड्यात उतरून दिवा धरला होता. पाना निसटला आणि त्यांच्या कपाळाला लागला. रक्त आलं. त्यांनी पाना तसाच खाली टाकला आणि खड्ड्याच्या भिंतीला टेकून उभे राहिले. मग मी पाना उचलला, नटाला लावला आणि ओढला. दुसरा ओढला. तिसरा ओढायला गेले तेव्हा ते म्हणाले, "बास. आणखी ओढलास तर तुटंल."

तिथून सुरू झालं.

माणूस म्हणून ते वाईट नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. शिकवताना तर फार चांगले होते. इंजिनातला धूर ज्या तोंडातून बाहेर पडतो तिथे सायलेन्सरचा पुढचा पाइप तीन नटांनी बसवतात. ते सांगायचे, "हे नट म्हंजे लई तऱ्हेवाईक. ढिले राहिले तर धूर बाहेर. जास्त आवळले तर आटा जातो, न्हाईतर बोल्टच आत तुटून बसतो. आणि तापल्यावर लोखंड फुगतं, मग गार झालं की पुन्हा ढिलं. म्हणून एकदम आवळायचे न्हाईत. थोडा हा, थोडा तो, थोडा तिसरा. मग पुन्हा पयल्यापासनं." पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक टॉर्क पाना आणला होता. लांब दांडा, त्यावर आकड्यांची पट्टी आणि एक बारीक काटा. जेवढा जोर लावाल तेवढा काटा सरकतो. "माझ्या हाताला अंदाज व्हता, मला ह्याची गरज नव्हती," ते म्हणाले. "तुझ्या हाताला अंदाज यायला दहा वर्सं लागतील. तवर काट्याचं ऐक."

जीपच्या त्या तीन नटांना काटा अडीचवर आणायचा. मला अजून आठवतं, पहिल्यांदा काटा अडीचवर थांबला तेव्हा मालकांनी वाकून बघितलं आणि "हां" म्हणाले. एवढंच. पण मला फार बरं वाटलं होतं.

अट एकच होती. कुणाला कळता कामा नये.

"बाईनं बांधलेल्या गाडीत कोण बसंल?" ते म्हणाले. सासूबाईही म्हणाल्या, "लोक काय म्हणतील, ह्यो बायकोला गाडीखाली घालतो." मग रीतच पडली. गिऱ्हाईक सकाळी गाडी आणून लावायचं. मालक बोनेट उघडून, कान देऊन ऐकायचे, काय बिघडलंय ते सांगायचे आणि म्हणायचे, "ठेवून जा. दुपारून या." माणूस वळला की शटर खाली. मग मी मागच्या दारातून यायची. अंगात मालकांची जुनी पँट आणि शर्ट, केस फडक्यात बांधलेले. शटर बंद, खिडकी नाही, वर पत्रा. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात उभं राहिलं की घाम कोपरावरून पान्यावर उतरायचा. लाइट गेली की बॅटरी दातात धरायची. मालक खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून हळू आवाजात सांगायचे. मीही हळूच बोलायची. रस्ता शटरच्या पलीकडे दहा पावलांवर होता. एसटीचे हॉर्न, बाजाराला चाललेल्या बाया, शाळा सुटलेली पोरं, सगळं ऐकू यायचं. माझा आवाज मात्र त्यांना ऐकू जाऊन चालणार नव्हतं. खोकला आला तर मी शर्टाची बाही तोंडात धरायची.

दोन वर्षं असं चाललं. गावात बोलबाला झाला की हात गेला तरी ह्याचं काम पहिल्यापेक्षा चोख आहे. लोक मालकांच्या पाठीवर थाप मारायचे आणि मी ती आतून ऐकायची. मला त्याचं वाईट वाटायचं का? खरं सांगायचं तर पहिल्यांदा नाही वाटलं. मोठ्या मुलीच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत मी खड्ड्यात उतरत होते. दिवस भरत आले तसं गाडीखाली पोट अडायला लागलं, तेव्हा मालकांनी पाठदुखीचं निमित्त करून गॅरेज बंद ठेवलं. मुलगी झाली. ती सव्वा महिन्याची झाली आणि शटर पुन्हा उघडलं. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं, की ह्यातून आता आपली सुटका नाही. सांगितलं तर मालकांची अब्रू जाते आणि नाही सांगितलं तर आपण असंच गाडीखाली म्हातारं व्हायचं.

ती चार महिन्यांची असताना श्रावणात ही गोष्ट घडली.

घोडेगाव ते भीमाशंकर वडाप करणारा, म्हणजे माणसं भरून खेपा मारणारा एक जीपवाला आमचं जुनं गिऱ्हाईक होता. मालकांचा दोस्तच म्हणा. रविवारी सकाळी तो आला. जीपचा पुढचा पाइप कुजून तुटला होता. मंचरहून त्याने नवा पाइप आणला होता. दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार. त्या दिवशी वडापवाल्याला श्वास घ्यायला सवड नसते. "भाऊ, आज कायबी करून गाडी पायजे," तो म्हणाला. मालकांनी त्याला तीन वाजता यायला सांगितलं.

मुलीला पाजून, सासूबाईंकडे देऊन मी अकराच्या सुमाराला खाली उतरले. पाऊस दोन दिवस थांबला नव्हता. खड्ड्यात पाणी झिरपून घोट्यापर्यंत आलं होतं. जुने नट गंजून बसले होते, तेच सोडवण्यात दीड तास गेला. नवा पाइप चढवला, गॅस्केट घातलं, तिन्ही नट बोटांनी फिरवून बसवले. पहिला आणि दुसरा टप्प्याटप्प्याने अडीचवर आणला. तिसरा वरच्या अंगाला, आडोशाला होता. त्याला लांब दांडी जोडून पाना लावावा लागायचा. मी दांडी जोडत होते, तेवढ्यात शटरच्या बाजूचं छोटं दार वाजलं आणि मालकांनी उठून कडी घट्ट धरायच्या आत ते उघडलंही.

"भाऊ, लई पाऊस राव," जीपवाला म्हणाला. "टपरीवर बसाय जागा न्हाई. म्हनलं हितंच बसतो."

"आत नको येऊ," मालक म्हणाले, "ऑइल सांडलंय."

"सांडूंद्या की." आणि तो येऊन टायरच्या चळतीवर बसला. जीपच्या खालून मला त्याच्या चपला दिसत होत्या. चिखलाने भरलेल्या, माझ्या डोळ्यांपासून तीन हातांवर.

मी दांडी तशीच हातात धरून उभी राहिले.

"झालं का?" जीपवाल्याने विचारलं.

"एवढं एकच राहिलंय."

"मग करा की. मी काय, बसलोय."

"पाइप गार होऊंदे जरा."

"आता सकाळपास्नं गाडी हितंच हाय. किती गार व्हायची?" तो हसला. मालकही हसले. मालकांचं ते हसणं मला खालून ऐकवत नव्हतं.

मग ते दोघं बोलत बसले. पावसाबद्दल, बेल्ह्याच्या बाजारात बैलांना काय भाव आला त्याबद्दल, कुणाच्या तरी लग्नाबद्दल. पत्र्यावर पाऊस वाजत होता तोवर मी पाना लावून थोडं तरी फिरवू शकले असते. मी दांडी नटाला नेली आणि नेमका पाऊस थांबला. एकदम. शेडमध्ये इतकी शांतता झाली की खड्ड्यातल्या पाण्यात मी पाय हलवला त्याचाही आवाज झाला. चपला हलल्या.

"खाली काय हाय?"

"बेडूक," मालक म्हणाले.

तेवढ्यात आत मुलगी रडायला लागली. आधी कुरकुर, मग चांगला टाहो. सासूबाई गुणगुणत होत्या, थोपटत होत्या. भुकेचं रडणं थोपटून थांबत नाही. मला ते रडणं ऐकू आलं आणि छातीत कळ आली. शर्ट ओला झाला. दोन्ही बाजूंनी पान्हा वाहत होता आणि मी ऑइलने काळे झालेले हात वर धरून, भिंतीला पाठ लावून उभी होते. आयुष्यात मला इतकं कोंडल्यासारखं कधी वाटलं नाही. वर गेले तर मालक संपले. खाली राहिले तर पोरगी रडून रडून निळी होणार. दाराला कुलूप नव्हतं, हात-पाय बांधलेले नव्हते, वर यायला चार पायऱ्या होत्या. तरी मला हलता येत नव्हतं.

मागचं दार उघडलं. जीपवाला आत बसलाय हे सासूबाईंना माहीत नव्हतं. "अगं ए, पोरीला घे की—" त्या म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या.

"कुठं गेल्या वयनी?" जीपवाल्याने विचारलं.

"धुणं घिऊन गेली असंल वढ्याला," मालक म्हणाले.

"ह्या पावसात?"

मुलगी सासूबाईंच्या खांद्यावर रडत होती. मी खालून बोटांनीच तिसरा नट जितका फिरेल तितका फिरवला. शेवटचं थोडं साध्या पान्याने, आवाज होऊ न देता.

मालकांना आता कुठलंही करून त्याला बाहेर काढायचं होतं. ते वाकले, गाडीखाली डोकावल्यासारखं केलं. आमची नजरानजर झाली. मी मानेनेच नाही म्हटलं, तिसऱ्या नटाकडे बोट दाखवलं. त्यांनी ते बघितलं. बघितलं हे नक्की. मग ते उठले आणि म्हणाले, "झालं. ने गाडी."

खड्ड्याच्या मागच्या टोकाला वर दोन फळ्या टाकलेल्या असायच्या. जीपवाला गाडीत चढेपर्यंत मी पाण्यातून सरकत त्या फळ्यांखाली जाऊन बसले, गुडघे छातीशी घेऊन. शटर वर गेलं, इंजिन सुरू झालं. आणि मला ऐकू आलं, वरच्या अंगाला, तिसऱ्या नटापाशी, फुस्स फुस्स फुस्स. धूर बाहेर येत होता. खड्डा भरून गेला. मी बाही तोंडात धरली, डोळे मिटले. जीप मागे गेली, उजेड आत आला आणि जीपवाला बाहेरूनच म्हणाला, "भाऊ, खड्ड्यात पानी शिरलंय, बघा जरा."

शटर पडल्यावर मी वर आले. सासूबाईंनी ओल्या पंचाने माझे हात पुसले, छाती पुसली आणि मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं. ती इतकी दमली होती की दोन घोट घेऊन झोपली.

"तिसरा नट राहिलाय," मी मालकांना म्हटलं. "धूर येतोय."

"हातानं लावलाय ना?"

"हातानं लावून काय होतंय? उद्या घाट चढायचाय त्याला. पावसाचे पडदे बांधलेले असणार. त्याच्या गिअरपाशी रबर फाटलंय, सगळा धूर आत जाईल."

"मी जातो स्टँडवर. सांगतो त्याला," असं म्हणून ते छत्री घेऊन गेले. अर्ध्या तासाने परत आले. भेटला नाही म्हणाले. छत्री कोपऱ्यात ठेवली. मी पुढे विचारलं नाही. भेटलाच असता तरी काय सांगितलं असतं त्याला? नट का राहिला? काम तर त्याच्या डोळ्यांदेखत पुरं झालं होतं.

सोमवारी सकाळी मुलीला पाजलं. सासूबाईंना म्हटलं, "आत्या, मी भीमाशंकरला जाते."

त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. वर बेलाची पानं आणि नारळ होता. पण टॉर्क पान्याचा दांडा पिशवीत मावत नव्हता, टोक बाहेर आलं होतं. त्यांनी खुंटीवरचा टॉवेल काढला, त्या टोकाभोवती गुंडाळला आणि म्हणाल्या, "पोरीला दुपारपर्यंत गाईचं दूध पाजीन. जा."

मालक अंघोळीला बसले होते.

स्टँडवर गेले तर जीप पहाटेच्या खेपेला जाऊन, परत येऊन, पुन्हा भरून नुकतीच निघाली होती. मी मागच्या एसटीत चढले. उभीच. गाडीत सगळे भाविक, हर हर महादेव चाललेलं. डिंभ्याच्या पुढे धुकं लागलं. पोखरीच्या घाटात ड्रायव्हरने दिवे लावले. मी पुढच्या काचेतून बघत होते आणि मनात एकच होतं, जीप रस्त्यावर दिसू दे. दरीत नको.

तिसऱ्या-चौथ्या वळणावर ती दिसली. कडेला उभी, पडदे वर टाकलेले. माणसं कठड्यावर आणि दगडांवर बसलेली. एक म्हातारी वाकून ओकत होती. एक बाई रस्त्यातच बसली होती आणि तिच्या मांडीवर पाचेक वर्षांचा मुलगा मान टाकून पडला होता.

"थांबवा," मी ओरडले. कंडक्टर म्हणाला, इथं स्टॉप नाही. मी पुन्हा ओरडले. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला तेव्हा कळलं.

जीपवाला मला बघून चाट पडला. "वयनी? तुमी हितं?"

"काय झालं?"

"गाडी लागली समद्यांना. गर्दी लई झाली, घाट, त्यात पडदे बंद. माजंबी डोकं चढलंय."

"गाडी नाही लागली," मी म्हटलं. "धूर लागलाय. सायलेन्सरच्या पाइपाचा तिसरा नट ढिला आहे."

"तुमाला काय म्हाईत?"

काहीही सांगता आलं असतं. मालकांना रात्रीत शंका आली, त्यांनी मला पाठवलं, पाना तू लाव. येताना एसटीत मी तेच ठरवलं होतं. पण त्या मुलाचं डोकं आईच्या मांडीवरून एका बाजूला कललं होतं आणि तोंड उघडं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मीच लावला होता. काल खड्ड्यात मी होते."

त्याने माझ्या पिशवीतून बाहेर आलेल्या टॉवेलाकडे बघितलं. मग म्हणाला, "बेडूक."

मी आधी मुलाकडे गेले. त्याला उताणा न ठेवता आईच्या खांद्यावर घ्यायला सांगितलं, वाऱ्याच्या अंगाला तोंड करून. बाटलीतल्या पाण्याने त्याचं तोंड पुसलं. चांगली दहा-पंधरा मिनिटं गेली असतील, मग त्याने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मी पिशवी धरून तिथेच बसले होते.

पाइप तापलेला होता, लगेच हात लावता येईना. अर्धा तास थांबलो. धुकं इतकं की समोरची माणसं सावल्यांसारखी दिसत होती. जीपवाल्याने आपला रेनकोट रस्त्यावर अंथरला. मी साडी खोचली आणि गाडीखाली सरकले. खड्ड्यात उभं राहून जोर लावणं वेगळं आणि उताणं पडून, वरून चिखलाचं पाणी टपकत असताना वेगळं. मनगट पाइपाला लागून भाजलं. तो डाग अजून आहे. तिसरा नट खरंच बोटाने फिरत होता. तो थोडा आवळला. मग पहिला तपासला तर तोही तापून ढिला झाला होता. पुन्हा तिन्ही फिरून फिरून आवळले. काटा अडीचवर आला तेव्हा मी "हां" असं मोठ्याने म्हटलं, एकटीच.

बाहेर आले तेव्हा सगळे गोल करून उभे होते. जीपवाल्याने इंजिन सुरू केलं, बोनेटखाली हात घालून बघितलं. फुसफुस बंद होती.

"बसा आता," तो म्हणाला.

निम्मे बसले. दोन-तीन पुरुष चालत पुढे निघाले. एक जण जाता जाता म्हणाला, "बाईनं लावलेलं काय खरं न्हाय." त्या मुलाची आई जीपमध्ये बसली नाही. मागून येणाऱ्या एसटीला तिने हात केला. चढण्याआधी माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तुमच्यामुळं झालं ना हे?"

मी "हो" म्हटलं. ती चढली. तो मुलगा पुढे कसा राहिला, कुठल्या गावचा होता, मला कधीच कळलं नाही. पुष्कळ वर्षं एसटीत त्या वयाचा, मग त्याहून मोठा मुलगा दिसला की मी निरखून बघायची.

मी वर देवाला गेलेच नाही. खाली येणाऱ्या एका गाडीने घरी परतले. दुपार टळून गेली होती. मुलीने गाईचं दूध ओकून टाकलं होतं. मालक शेडमध्ये बसले होते. घाटातली बातमी माझ्या आधी आली होती. त्यांनी माझ्या भाजलेल्या मनगटाकडे बघितलं, उठून आतून बर्नॉल आणलं, माझ्या पुढ्यात ठेवलं आणि बाहेर निघून गेले. त्यानंतर जवळपास महिनाभर ते माझ्याशी थेट बोलले नाहीत. "तिला सांग, चहा नको," असं आपल्या आईला सांगायचे. मी समोरच असायची.

गॅरेज आठ-नऊ दिवस बंद होतं. मग एका सकाळी शटरवर थाप पडली.

"वयनी हायत का?" जीपवाल्याचा आवाज होता.

भाऊ हायत का, असं नाही विचारलं त्याने. मालक माझ्या शेजारीच ताटावर बसले होते. त्यांनी घास खाली ठेवला. हात धुतले. सदऱ्याचं वरचं बटण उघडंच ठेवून मागच्या बाजूने शेताकडे गेले. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी मुलीला माझ्याकडून घेतलं. मी शटर वर केलं. त्या दिवशी पहिल्यांदा ते उघडं ठेवून, साडीवरच खड्ड्यात उतरले. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघत होती. लाज वाटली, पण वारा येत होता.

मालक संध्याकाळी परतले. दुसऱ्या दिवशी खुर्ची टाकून शेडच्या तोंडाशी बसले. गिऱ्हाईक आलं की पूर्वीसारखंच बोनेट उघडून ऐकायचे, काय झालंय ते सांगायचे आणि मग, खूप दिवसांनी, माझ्याकडे न बघता म्हणायचे, "ती करंल."

काही गिऱ्हाइकं तुटली, काही नवी आली. जुन्नरकडून, बेल्ह्याकडूनही टेम्पोवाले यायला लागले. त्यांतले बरेच आधी बघायला म्हणून आले आणि मग काम चांगलं म्हणून येत राहिले. लोक मला म्हणायचे, वयनी, तुमी सुटलात. मीही तेव्हा तसंच समजत होते. पण लपून काम करत होते तोवर, एखाद्या दिवशी अंगात ताप असेल, माहेरी कार्य असेल, तर मालक काहीतरी निमित्त सांगून शटर बंद ठेवायचे. आता निमित्त उरलं नाही. सगळ्या तालुक्याला माहीत होतं की काम कोण करतं. माणसं शेडमध्ये येऊन बसायची, वाट बघायची. दुसऱ्या मुलीच्या वेळी नवव्या महिन्यात मी खाली उतरायची नाही, तर मालक खुर्चीवरून म्हणायचे, "गाडीवाले चार दिवस थांबायला तयार हायत." ते थांबायचेही. बाळंतपणाच्या खोलीच्या भिंतीपलीकडे मला त्यांच्या गाड्या येताना ऐकू यायच्या.

माहेरी डिंगोऱ्याला मी दोन दिवसांच्या वर कधी राहिले नाही. वडील आजारी पडले तेव्हा मात्र हट्टाने गेले. दोन हजार सात-आठचा सुमार असेल. थोरली मुलगी तेव्हा शाळेत होती. वडिलांना फार बोलता येत नव्हतं. मी त्यांच्या उशाशी बसायची, मळ्यात जायची. इंजिनच्या जागी आता विजेची मोटर होती. पाचव्या दिवशी सकाळी मी उशिरापर्यंत झोपले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उठले तेव्हा ऊन अंगणात आलं होतं आणि मला काहीच करायचं नव्हतं. तेव्हा मी तुळशीपाशी बसून रडले. आईला वाटलं, वडिलांसाठी.

सहाव्या दिवशी शेजाऱ्यांच्या फोनवर मालकांचा फोन आला.

"कशे हायत?" त्यांनी विचारलं.

"आहेत तसेच."

"बरं." मग म्हणाले, "हितं दोन गाड्या थांबल्यात. एक जण कालपास्नं येऊन बसतोय, इंजिनात आवाज हाय म्हनतो."

"त्याला दुसरीकडं जायला सांगा की."

"सांगितलं. तो म्हनतो, थांबतो." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "मीबी करून बघितलं एक. डाव्या हातानं. न्हाई झालं."

त्यांनी ये म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर मी कदाचित नाही म्हटलं असतं.

दुपारच्या एसटीने मी निघाले. जुन्नरला गाडी बदलली, मंचरला बदलली. घरापाशी उतरले तेव्हा शेडपुढे बेल्ह्याचा एक टेम्पो उभा होता, मागे म्हशींचं शेण तसंच वाळलेलं. त्याचा मालक टायरवर बसून तंबाखू मळत होता. मला बघून उभा राहिला. आमचे मालक खुर्चीवरून उठले नाहीत, पण त्यांनी पाय जवळ घेतले, मला आत जायला वाट व्हावी म्हणून.

मी पिशवी आत ठेवली, पाणी प्यायले, मुलींच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर आले.

"आवाज कधीपासून येतोय?" मी टेम्पोवाल्याला विचारलं.